कर्ता नसलेली सहा वाक्ये

१

होडी चिखल्याच्या किनाऱ्याला लागली ती पालथी. हाल्या तिच्यात नव्हता. तो तिसऱ्या दिवशी सापडला, आणि त्याची ओळख त्याच्या धाकट्या भावाने, रघ्याने, मनगटातल्या कड्यावरून पटवली.

हाल्या तलासरीकडच्या उधव्याचा. भातकापणी उरकली की दरवर्षी तो समुद्रावर जाई आणि वरोरच्या गणू तांडेलाच्या बोटीवर खलाशी म्हणून काम करी. हा त्याचा अकरावा हंगाम होता. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी सातच्या सुमाराला, पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाला गुंतलेले जाळे सोडवायला तो लहान होडीतून गेला. होडी लांब दोराने बोटीला बांधलेली होती. वारा फिरला, पावसाची सर आली, आणि होडी बोटीपासून सुटी झाली. एवढेच सगळ्यांना ठाऊक होते.

दहाव्या दिवशी हाल्याची बायको रूपी डहाणूला आली. स्टेशनजवळ मेडिकलच्या दुकानावर एक खोली आहे. तिथे सुषमा पागधरे इंग्रजीचा वर्ग घेतात. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षे झाली. रूपी जिना चढून दारात उभी राहिली.

"बाई, तुम्ही इंग्रजी वाचता ना?"

"वाचते. आधी बस."

"बसत नाही. दुपारची गाडी चुकंल. हे वाचा."

गणू तांडेलाने मत्स्य खात्याच्या कार्यालयात दिलेल्या निवेदनाची ती झेरॉक्स होती. घामाने कागदाची घडी ओली झाली होती. सुषमाबाईंनी एकेक वाक्य मराठीत सांगितले. खलाशांना जीवरक्षक जॅकेटे पुरवण्यात आली होती. हवामानाची सूचना देण्यात आली होती. होडी नीट बांधण्यात आली होती. दोर कापला गेला. शोध घेण्यात आला. संबंधितांना कळवण्यात आले.

"दोर कापला कोणी?"

"लिहिलेलं नाही."

"बांधला कोणी?"

"तेही नाही."

"परत वाचा."

त्यांनी परत वाचले. रूपी कागदाकडे नाही, त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"एवढं इंग्रजी लिहिलं आणि त्याच्यात माणूस एक नाही?"

सुषमाबाईंनी कागद खाली ठेवला. वाक्ये निर्दोष होती. ती कोणी लिहिली हे त्यांना सही न बघताही कळले. गणूचा मुलगा दिपेश त्यांच्या वर्गात दोन वर्षे होता. त्यांनीच त्याला ही रचना शिकवली होती, पुस्तकातून नव्हे, रोजच्या वापरातून. स्टेशनवरच्या पाट्या, विजेचे बिल, गोळ्यांच्या पाकिटामागचा मजकूर, बँकेचा निरोप, या सगळ्यांतली वाक्ये त्या मुलांना उतरवून आणायला सांगत. पुरवठा खंडित केला जाईल. सामान तपासले जाईल. दंड आकारला जाईल. 'हे ऑफिसचं इंग्रजी आहे,' त्या फळ्यावर लिहिता लिहिता सांगत. 'काय झालं ते महत्त्वाचं, कोणी केलं ते मागे.' दिपेशने तेव्हा विचारले होते, 'मॅडम, शेवटी by लावून नाव द्यायलाच पाहिजे का?' त्या म्हणाल्या होत्या, 'नको असेल तर गाळ. वाक्य चुकत नाही.'

"पाड्यावर रविवारी बैठक आहे," रूपी म्हणाली. "सगळे म्हणतात, बोट वाचवायला गणूनं दोर कापला आणि माझा माणूस सोडून दिला. सोमवारी पोलिसात जाणार. माझी सही मागतात. मी करीन सही. पण मला खरं नाव पाहिजे."

"गणूचंच निघालं तर?"

"तर गणूच्या दारात जाऊन बसेन. पण नावच नसलं तर मी कोणाच्या दारात बसू, बाई?"

दुपारच्या गाडीला अजून वेळ होता. तरी ती बसली नाही.

२

वरोर सुषमाबाईंचे माहेर. त्यांचे वडील आणि गणू एके काळी एकाच बोटीवर होते. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, त्या किनाऱ्यावर उतरल्या तेव्हा ओहोटी होती आणि बोटी चिखलात कलल्या होत्या. बांबूंच्या ओळीवर बोंबील वाळत होते.

"इंग्रजी शिकवायला आलीस की मासळी न्यायला?" गणूने बोटीवरूनच विचारले. सहासष्टीचा, रुंद खांद्यांचा माणूस, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

"हाल्याचं विचारायला आले, दादा."

"मग वर ये. खाली उभी राहून विचारलंस तर सगळा गाव उत्तर देईल."

त्या शिडीने वर गेल्या. जाळ्यांच्या ढिगावर निळी ताडपत्री ताणून बांधलेली होती. गणू तिच्या कडेने फिरत बोलत होता आणि बोलता बोलता दोऱ्या तपासत होता. एका कोपऱ्याशी तो थांबला. तिथली दोरी पिळा देऊन नुसती आत खोचलेली होती. त्याने ती न बघताच सोडली आणि तिची गाठ मारली.

"बोटीवर कोण कोण होतं?"

"चौघं. हाल्या होडीत. मी सुकाणूवर. दिपेश खाली इंजिनात, जाळ्याचं टोक पंख्यात गेलं होतं ते सोडवत."

"आणि रघ्या?"

"रघ्या नवा. आठवा दिवस होता त्याचा. त्याला कशाला मधे घेतेस? भाऊ गेलाय त्याचा."

"दोर कापताना कोणी पाहिला?"

"पावसात काय दिसतं? बाजूनं मोठा ट्रॉलर गेला असेल. त्याच्या पंख्यानं कापला."

"असेल की गेला?"

 दुसऱ्या कोपऱ्याची गाठ चांगली होती, तरी गणूने ती सोडून पुन्हा बांधली.

दिपेश शिडीशी उभा होता. त्याला त्यांनी बाजूला घेतले. पंचविशीचा, बी.कॉम. झालेला हा मुलगा वर्गात सगळ्यांत पुढे बसायचा.

"ट्रॉलर पाहिलास?"

"आवाज आला, मॅडम."

"इंजिनात खाली असताना?"

तो शिडीवरचा चिखल नखाने काढू लागला.

"गावात म्हणतात, हाल्या पुढच्या हंगामाला दुसऱ्या बोटीवर जाणार होता. त्यावरून तुझ्या बाबांशी वाजलं होतं."

"वाजलं होतं. बाबा त्याला म्हणाले, जा, मी काय तुझा सासरा आहे का अडवायला. दुसऱ्या दिवशी दोघं एकाच ताटलीत जेवले." त्याचे डोळे भरले. "मॅडम, तेवढ्यासाठी कोणी माणूस सोडतं का?"

होडी वाळूत उपडी ठेवली होती. तिच्या पुढच्या टोकाला, नाळेला, लोखंडी कडी होती आणि कडीत पिवळा नायलॉनचा दोर पक्क्या गाठीने बांधलेला होता. तो दोन हात लांब लोंबत होता आणि तिथेच संपत होता. सुषमाबाईंनी चष्मा पुसून त्याचे टोक डोळ्यांजवळ धरले.

पंख्यात सापडलेला दोर त्यांनी लहानपणी खूपदा पाहिला होता. तो झाडूसारखा फिसकारतो, त्याचे धागे कमीजास्त लांब निघतात. हे टोक काकडी चिरावी तसे होते. सगळे धागे एका पातळीत.

म्हणजे ट्रॉलर नव्हता. दोर सुरीने कापला होता, आणि हाल्या सोडला तर बोटीवर तीनच माणसे होती.

गणू वरून त्यांच्याकडे बघत होता. नजरानजर झाली तेव्हा त्याने तोंड फिरवले.

३

चिखल्याला होडी ज्या बाईला सापडली तिचे नाव चंद्रा. सुरूच्या बनाला लागून तिचे घर, दारात सुकट पसरलेली.

"या," ती म्हणाली. "एवढ्या दिवसांत कोणाला वाटलं नाही की चंद्राला विचारावं. होडी मी धरली, फोन मी केला, आणि पेपरात आलं की होडी आढळून आली. आढळून आली! जशी काय आपल्या पायानं चालत आली."

"तुम्ही ती कशी धरलीत?"

"दुपारी चारला भरतीबरोबर कडेला आली. परत आत ओढली जाईल म्हणून पाण्यात शिरले, दोर धरला आणि त्या झाडाला बांधून टाकली."

तिने बोट दाखवले. सुरूचे ते झाड भरतीच्या रेघेपासून चांगले वीस पावले आत होते. सुषमाबाईंनी पावले मोजली, मग परत मोजली.

"होडी तेव्हा कुठे होती?"

"पाण्याच्या कडेला. मी एकटी बाई, ती वर कशी ओढणार?"

"मग दोर इथपर्यंत पुरला?"

"पुरला म्हणजे? झाडाला दोन वेढे देऊन उरला."

होडीला आज दोन हात दोर होता. किनाऱ्याला लागली तेव्हा तो वीस पावलांहून लांब होता.

"उरलेला दोर कुठे गेला?"

"जाईल कुठं? तुमच्या डोक्यावर आहे."

सुषमाबाईंनी वर पाहिले. दोन झाडांमध्ये पिवळा दोर ताणलेला होता आणि त्यावर लुगडे आणि नवऱ्याचे दोन सदरे वाळत होते. चंद्राने कपडे काढून खांद्यावर टाकले आणि कुरकुरत दोर सोडला. "चांगला दोर होता. टाकून गेले म्हणून घेतला. चोरी नाही केली."

एक टोक काकडीसारखे चिरलेले होते. ते होडीवरच्या तुकड्याशी जुळणार हे उघड होते. दुसरे टोक सुषमाबाईंनी बराच वेळ बोटांत फिरवले. ते वाटाण्याएवढे कठीण आणि काळसर होते. नायलॉनचा नवा दोर बोटीवर आला की त्याचे धागे उसवू नयेत म्हणून कोळी त्याचे टोक जाळून दाबतात. हे तेच टोक होते, जसे जाळले तसे शाबूत.

त्या सुरूखाली बसल्या. एक टोक होडीच्या कडीत पक्के. दुसरे, बोटीकडचे, जळका गोळा अजून तसाच. म्हणजे समुद्रात हा दोर कापला नाही आणि तुटलाही नाही. तो अख्खा होडीबरोबर आला. बोटीवर ज्या खुंट्याला तो बांधला होता, तिथून तो सुटला होता. कापला तो नंतर, इथे, या वाळूत.

"होडी न्यायला कोण आलं होतं?"

"टेम्पो घेऊन एक म्हातारा आला. खांदे असे," चंद्राने हात पसरले. "बरोबर एक जवान माणूस. त्यानं झाडाचा दोर सोडला, ह्या टोकाकडं बघितलं आणि मटकन खाली बसला. मला वाटलं उन्हानं चक्कर आली. पाणी आणायला घरात गेले. आले तर होडी टेम्पोत, आणि दोर तिथंच पडलेला."

"तो जवान माणूस कोण?"

"मला काय ठाऊक? मुलगा असंल. म्हाताऱ्यानं त्याला काखेत हात घालून उठवला आणि टेम्पोत बसवला. आपल्या लेकराला बसवतात तसा."

सुषमाबाईंनी दोर गुंडाळून पिशवीत ठेवला.

"आणि माझं लुगडं?" चंद्रा म्हणाली. "ते काय मी डोक्यावर वाळवू?"

४

शुक्रवारी वर्ग सुटल्यावर दिपेश आला. त्याला बोलवावे लागले नाही. सुषमाबाईंनी पिशवीतून दोर काढून टेबलावर ठेवला. त्याने जळके टोक पाहिले आणि बाकावर बसला.

"चिखल्याला तू हे पाहून खाली बसलास. मग बाबांनी दोर कापला."

"मी?" त्याने मान वर केली. "मी चिखल्याला गेलोच नव्हतो, मॅडम. त्या दिवशी दुपारभर मी कार्यालयात होतो. रजिस्टरला माझी सही आहे. पाच वाजता."

"मग बाबांबरोबर कोण होतं?"

दिपेशने जळक्या टोकावरून अंगठा फिरवला.  

"बाबा घरी आले आणि म्हणाले, लिही. दोर कापला गेला. मी विचारलं, कोणी? ते म्हणाले, नाव कोणाचंच नको. आपलं नको, दुसऱ्याचं नको. असं लिहिता येतं का इंग्रजीत? मी म्हटलं, येतं." तो टेबलाकडे बघत होता. "मला वाटलं, बाबांनीच कापला. मला वाटलं, पंखा अडकलाय, बोट उलटेल, म्हणून त्यांनी होडी सोडली. मॅडम, हे दहा दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. जेवणाचं ताट वेगळं घेतो."

"त्यांनी समुद्रात दोर कापला नाही."

"मग त्यांनी मला तसं का नाही सांगितलं?"

सुषमाबाईंना याचे उत्तर येऊ लागले होते. मुलाने आपल्याला खुनी समजले तरी चालेल, असे वाटण्याइतके काय असते? त्यांच्या डोळ्यांपुढे ताडपत्रीचा कोपरा आला, पिळा देऊन खोचलेली दोरी आणि ती न बघता सोडणारे गणूचे हात.

"बाबा उद्या उधव्याला जाणार आहेत," दिपेश म्हणाला. "रूपीताईला भेटायला. आई रडते आहे, पाड्यावर मारतील म्हणते. पण ते ऐकत नाहीत."

"मी जाते त्यांच्याबरोबर," सुषमाबाई म्हणाल्या.

५

तलासरीहून जीपमध्ये गणू पुढे बसला. मांडीवर सुक्या बोंबलांची पिशवी होती. उधव्याला उतरल्यावर पाड्याच्या वाटेवर चारपाच माणसे उभी राहिली. त्यांनी वाट अडवली नाही, पण रामरामही केला नाही. एक म्हणाला, "सोमवारपर्यंत दम नाही निघाला वाटतं तांडेलाला." गणू मान खाली घालून चालत राहिला.

घराच्या मागे माळावर गवतकापणी चालली होती. अंगणात भाऱ्यांची रास होती आणि रघ्या भारे बांधत होता. तो अठ्ठावीस वर्षांचा होता, हाडे दिसत होती. गवताचाच बंध तो भाऱ्याखालून घेई, दोन्ही टोके एकत्र करी, दोनदा पिळे आणि पिळा आत खोची. गाठ नाही. कोरड्या गवतात तो पिळा असा रुतून बसे की भारा डोक्यावरून मैलभर नेला तरी सुटत नसे.

गणूला पाहून त्याचे हात थांबले.

रूपी बाहेर आली. गणूकडे तिने पाहिले नाही. "बाई, नाव आणलंत?"

सुषमाबाईंनी दोर काढला आणि काय पाहिले ते ओळीने सांगितले. सुरीने चिरलेले टोक. वीस पावलांवरचे झाड. जळके टोक. दोर कापलेला नव्हता, बोटीवरून सुटला होता, आणि म्हणून प्रश्न एवढाच उरतो की तो बोटीवर बांधला कोणी.

"गणूदादा चाळीस वर्षं गाठी मारतोय. त्याची गाठ ओली झाली की उलट आवळते. दिपेश खाली इंजिनात होता. आणि परवा बोटीवर ताडपत्रीची एक दोरी मी पाहिली. तिला गाठ नव्हती, पिळा देऊन ती खोचलेली होती. दादाने ती माझ्यासमोर सोडली आणि नीट बांधली."

त्यांनी पुढचे वाक्य जुळवले होते, पण ते उच्चारावे लागले नाही. रूपी भाऱ्यांच्या राशीकडे बघत होती. 

"मी बांधला," रघ्या म्हणाला.

त्याच्या हातात गवताचा बंध तसाच होता.

"तांडेल ओरडला, दोर मागं बांध. मी बांधला. भारा बांधतो तसा. आधीचे सात दिवस हाल्याच बांधायचा, मला करू नाही दिलं. त्या दिवशी तो होडीत होता. मी ओढून बघितला, घट्ट होता. मग पाऊस आला. ओला झाला आणि..." त्याने हातातले गवत सोडले. "चिखल्याला टोक बघितलं तेव्हा मानावंच लागलं. तोवर मनाला मीपण ट्रॉलरच सांगत होतो."

"असा भारा बांधायला तुला कोणी शिकवलं?" रूपीने विचारले. आवाज अगदी साधा होता.

"त्यानंच. लहान होतो तेव्हा."

गणू अंगणातच खाली बसला. "याला गाठ शिकवणं माझं काम होतं. बोटीच्या कप्तानाचं, तांडेलाचं असतं. रोज म्हणत होतो, आज वेळ नाही, उद्या शिकवतो. आठ दिवस असे घालवले. जॅकेटं खोक्यात होती, तीपण मी काढून दिली नाहीत. अडचण होते म्हणायचो."

"आणि दोर का कापला?" रूपीने पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिले.

"आळ ट्रॉलरवर जाईल म्हणून. याच्या हातून भाऊ गेला, हे याला आयुष्यभर लोकांनी म्हणू नये म्हणून."

"एवढंच?"

गणूने बोंबलांची पिशवी बाजूला ठेवली. "नाही. माझी बोट बंद होईल म्हणूनही. दोन्ही होतं. कुठलं जास्त होतं ते मला नाही सांगता येत."

वाटेवरची माणसे एव्हाना कुडाशी येऊन उभी होती. रूपीने त्यांना हाकलले नाही. ती रघ्याकडे वळली.

"दहा दिवस तू माझं पाणी भरतोस. पोरांना आंघोळ घालतोस. आणि दहा दिवस मी तुझ्यासमोर बसून त्या माणसाला शिव्या देते. त्याचे हात झडोत म्हणते. तू ऐकत होतास?"

"हो."

"बोलला का नाहीस?"

"बोलणार होतो. रोज बोलणार होतो."

तिने पदर तोंडावर घेतला, पण रडली नाही. पदर काढला तेव्हा चेहरा कोरडा होता. "कोणाच्या तरी दारात जाऊन बसायचं होतं मला," ती सुषमाबाईंना म्हणाली. "हे तर माझंच दार निघालं."

मग म्हणाली, "लिहा. सोमवारी तेच देऊ. मराठीत लिहा."

सुषमाबाईंनी वहीचे पान फाडले. लिहायला त्यांना वेळ लागला, कारण हात सवयीने दुसरीकडेच वळत होता. 'बांधण्यात आला' लिहिले आणि खोडले. मग एकेक वाक्य मोठ्याने वाचत त्या लिहू लागल्या. गणूने जॅकेटे खोक्यात ठेवली. गणूने रघ्याला गाठ शिकवली नाही. रघ्याने दोर बांधला. दोर सुटला. गणूने चिखल्याला दोर कापला. दिपेशने खोटे निवेदन लिहिले. प्रत्येक नावाला कुडापलीकडे हालचाल होई आणि पुन्हा शांत होई. गणूने सही केली. रघ्याने अक्षर अक्षर जुळवत आपले नाव लिहिले.

रूपीने कागद हातात घेतला. मराठी तिला वाचता येत होते. ओठ हलवत तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"याच्यात हाल्या कुठाय?"

सुषमाबाईंनी कागदाकडे पाहिले. ती म्हणत होती ते खरे होते. सहा वाक्यांत तिघांची नावे होती. ज्याच्यासाठी कागद लिहिला, तो त्यात नव्हता.

"त्यानं पण काहीतरी केलं असंल की," रूपी म्हणाली. "होडी चालली होती. तो काय नुसता बसून होता?"

रघ्याने मान हलवली. "त्यानं बघितलं होतं."

"काय?"

"दोर पाण्यात पडताना. मी खुंट्याकडं धावलो तवर टोक गेलं होतं. हाल्या उभा राहिला होडीत. बोट हलत नव्हती, पंख्यात जाळं होतं. मी उडी मारायला कठड्यावर चढलो. तर त्यानं हात केला."

"बोलावलं?"

"नाही. उडी मारू नको, असा. आधी जाळं सोडवा, मग या, घाई नाही. दोनदा केला. मग सर आली आणि दिसायचा थांबला."

गणूने डोळे मिटून घेतले. हे त्यालाही नवीन होते.

"कसा केला हात?" रूपीने विचारले.

रघ्याला कळले नाही.

"दाखव ना. कसा केला?"

त्याने उजवा हात उचलला. तळवा पुढे, बोटे जराशी वाकलेली. ढोरांना थोपवताना करतात तसा.

"एवढाच वर?"

"अजून थोडा." त्याने हात आणखी वर नेला.

"असाच होता?"

"असाच."

"राहू दे तसाच," रूपी म्हणाली.

ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि त्या हाताकडे बघत राहिली. कुडापलीकडची माणसे एकेक करून निघून गेली. रघ्याचा हात भरून आला, पण ती हलली नाही, आणि त्यानेही तो खाली घेतला नाही.